न तोडलेल्या कळ्यांचा उन्हाळा

मी भिंतीतला कब्बार बोलतोय. बोलतोय खरा, पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. झुडपाला आठवण असते का, आणि असलीच तर ती मुळात राहते की काट्यात, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. दर थंडीत माझी पानं झडतात, फांद्या वाळतात आणि ऊन तापायला लागलं की मी बुंध्यापासून पुन्हा सुरुवात करतो. अशानं जुन्या गोष्टी छातीठोकपणे सांगाव्यात का?

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. एक बारकी राखाडी मधमाशी संध्याकाळी माझ्या फुलात येऊन झोपली आणि सकाळी उठून थेट समोरच्या वेलावर गेली. हे मी पाहिलं, की नंतरच्या लांब दुपारी माझं मीच रचलं? हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळत होता. एका बाईचं फार मोलाचं काही तेव्हा अशा एखाद्या माशीवर टांगलेलं होतं, म्हणून.

तुमच्याकडे वाघाटी नावाची वेल असते ना, आकड्यासारख्या काट्यांची? मी तिच्याच कुळातला. माझा जन्म अजलूनच्या डोंगरउतारावरचा, ऑलिव्हच्या झाडांखाली माती धरून ठेवायला रचलेल्या दगडी बांधात. तिथे बी कुणी आणलं, सरड्यानं की मुंग्यांनी, सांगता येत नाही. मातीचा एक चिमटा होता आणि दोन दगडांमध्ये फट होती. तेवढं मला पुरलं.

इथे माझ्या कळ्या मिठात मुरवून खातात. वाटाण्याएवढी घट्ट कळी सगळ्यात चांगली. त्यामुळे माझं फूल म्हणजे इथल्या लोकांच्या लेखी तोडायचं राहून गेलेलं लोणचं. शेजारच्या घरात उम्म जुहैर, म्हणजे जुहैरची आई, नवरी म्हणून आली, तेव्हा तिला जुहैर झालेलाही नव्हता, तेव्हापासून माझ्या कळ्या तिच्या. रोज ऊन चढायच्या आत ती पितळी वाडगा घेऊन यायची, काटे चुकवत बोटं आत घालायची आणि मला पुसून काढायची. दगडाआड लपलेल्या एकदोन कळ्या तेवढ्या उमलायच्या. आपण फूल आहोत ही गोष्ट मी जवळजवळ ऐकीव म्हणूनच जगत होतो.

भिंतीसमोरचा जमिनीचा तुकडा विसालच्या आईचा. आई गेल्यावर तो बरीच वर्षं ओस होता. मग विसालचा नवरा मुनीब शहरातल्या शाळेतून निवृत्त झाला आणि दोघं इथे राहायला आली. मुनीबला सगळं गाव ‘उस्ताज’ म्हणायचं, गुरुजी म्हणावं तसं. विसालनं येताना आईच्या फडक्यातली एक पुरचुंडी आणली होती. तिच्यात फक्कूसचं बी होतं. फक्कूस म्हणजे लांब, वाकडी, अंगावर लव असलेली काकडी, तुमच्या वाळकाची बहीण म्हणा. बाजारात फक्कूस पुष्कळ मिळतात. पण हिच्या आईचं फक्कूस पावसाच्या ओलीवरच वाढायचं, वरून पाण्याचा थेंब लागायचा नाही, आणि कडू कधी निघायचं नाही. ते आता दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी वेल पसरले, पिवळी फुलं आली आणि सगळी गळून गेली. एकही फळ धरलं नाही. विसाल वेलांजवळ बसून राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की कानांना काहीतरी कमी वाटतंय. मधमाश्यांची गुणगुण नव्हती.

त्या हिवाळ्यात ती डोंगरात हिंडू लागली. आई जिथे जिथे फिरायची त्या वाटा तिनं आठवून काढल्या आणि एकेक रोप मुळासकट उचलून आणलं. गुलखैरा आणला, चहात घालतात तो मरमिया आणला, ओव्यासारख्या वासाचा झातर आणला, उटकटारीचे काटेरी गड्डे आणले, खरबरीत पानांचं आणि निळ्या फुलांचं एक झुडूप आणलं. त्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

उम्म जुहैर कमरेवर हात ठेवून बघत होती.

“लोक अम्मानहून गुलाब आणतात, आणि आमची विसाल डोंगरातून गवत आणते!”

“गुलाबाला माश्या विचारत नाहीत, खालती,” विसाल म्हणाली. उम्म जुहैर वयानं मोठी, म्हणून ती तिला खालती, म्हणजे मावशी म्हणायची.

“मग काय, माश्यांना चहाला बोलावणार आहेस?”

“चहालाच म्हणा. त्या आल्याशिवाय फक्कूस धरत नाही.”

“आमच्या वेळी फक्कूससाठी कुणी आमंत्रणं धाडत नव्हतं.”

“तुमच्या वेळी डोंगर होता. आता अर्ध्या डोंगरावर बंगले आणि उरलेल्यावर फवारणी.”

“बाई गं,” उम्म जुहैर म्हणाली, “शिकलेल्या माणसाशी लग्न केलं की असं होतं.”

पुढच्या वर्षी रोपं नुसती तग धरून होती. त्या वर्षीच्या थंडीत घरातल्या बियांना उंदीर लागले आणि पुरचुंडीत मूठभर टरफलं उरली. नशिबानं विसालनं थोडं बी काचेच्या कपात वेगळं ठेवलं होतं. वसंतात तिनं ते सगळंच्या सगळं पेरलं. मागे काही ठेवलं नाही. मुनीब म्हणाला, “निम्मं ठेव की.” ती म्हणाली, “जुनं झालंय ते. पुढच्या साली उगवणारही नाही.”

आणि तो वसंत! तो मी पाहिला याबद्दल मात्र मला शंका नाही. समोरचा तुकडा आधी निळा झाला, मग जांभळा, मग पिवळा. मरमियाच्या ओठांत माश्या अर्ध्या शिरून थरथरायच्या. हवेला झातरचा वास होता, उन्हात तापलेल्या तेलासारखा. गुलखैऱ्याचे दांडे माणसाच्या उंचीचे झाले होते, आणि त्यांच्या कळ्यांच्या टोकांना गुलाबी रेघ दिसू लागली होती. दुपारी वारा पडला की सगळी बाग उभ्या उभ्या झोपल्यासारखी व्हायची. मीही डुलक्या घ्यायचो, आणि ती गुणगुण झोपेच्या आत असायची की बाहेर, मला कळायचं नाही. कोपऱ्यात फक्कूसच्या वेलांना नुकती तिसरी-चौथी पानं फुटली होती.

तेव्हाच विसालच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मुनीब तिच्याबरोबर इर्बिदच्या हॉस्पिटलात गेला. कोंबड्यांना दाणे घालायला घराची किल्ली उम्म जुहैरकडे होती.

इथे हॉस्पिटलातून कुणी घरी आलं की ‘सुखरूप आलीस, देवाची कृपा’ म्हणायला सगळं गाव लोटतं. अंगणात खुर्च्या मांडाव्या लागतात, कॉफी फिरते. उम्म जुहैरनं फाटक उघडलं, माझ्या भिंतीशी उभी राहून बागेकडे नजर टाकली आणि कपाळावर हात मारला.

“एवढी माणसं येणार, आणि दारात हे काट्यांचं रान? लोक म्हणतील, विसाल आजारी पडली आणि शेजारी मेले होते का?”

दुसऱ्या दिवशी आळीतल्या सगळ्या बाया आल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी काही मागणार नव्हतं. विळे होते, कुदळी होत्या, गाणी होती, चहाची किटली होती. मी खोटं बोलणार नाही, इतका आनंदी दिवस त्या अंगणात मी पाहिला नव्हता. गाण्याच्या ठेक्यावर मरमिया उपटला गेला. निळं झुडूप उपटलं गेलं. गुलखैऱ्याचे दांडे कडाकडा मोडून भिंतीपलीकडे पडले, कळ्यांची गुलाबी टोकं तशीच. फक्कूसचे वेल बायांनी ओळखले, आणि त्यांच्या बुडाची माती किती प्रेमानं हलवून दिली! मग दगडांना चुना लावला, तुपाच्या रिकाम्या डब्यांत लाल जिरेनियम लावून ओळीनं मांडले. शेवटी उम्म जुहैर माझ्याकडे वळली. “हाही कसा पसरलाय मेला,” म्हणाली, आणि विळ्यानं मला दगडापर्यंत कापलं. माझ्या आकड्यांनी तिच्या मनगटावर रक्त काढलं. तेवढाच माझा विरोध.

दोन दिवसांनी विसाल कुबड्यांवर फाटकातून आत आली. बाया दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या, लग्नात असतात तशा, चेहरे फुललेले. समोर उघडी, साफ, दाताळं फिरवलेली लाल माती. विसाल थांबली. आणि मग ती हसली. एकेकीचा हात हातात घेऊन म्हणाली, “तुमचे हात सलामत राहोत. तुमचे हात सलामत राहोत.” असं केल्यावर इथे हेच म्हणायचं असतं. ते तिनं म्हटलं, एकीलाही न वगळता.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर ती एकटी माझ्या भिंतीला टेकून रडली. आवाज न करता. मी तेव्हा नुसता बुंधा होतो, तरी ते पाणी खाली झिरपलेलं मला आठवतं. की पावसाची ओल होती ती? असो.

फाटकाशी मुनीब उम्म जुहैरला निरोप देत होता. “हज्जे,” वडीलधाऱ्या बाईला इथे म्हणतात तसं तो म्हणाला, “एक सांगू? रागावू नका.”

“रागावू कशाला, उस्ताज? काही झाडायचं राहिलं का?”

“राहिलं काहीच नाही. तेच सांगायचंय. ते गवत नव्हतं.”

“गवत नव्हतं तर काय होतं? हे हात बघा माझे, सोललेत काट्यांनी!”

“माश्यांसाठी होतं. फक्कूसला फळ धरावं म्हणून. तिच्या आईच्या बियाण्यातलं जमिनीत आहे तेवढंच उरलंय, हज्जे. बाकीचं उंदरांनी खाल्लं. या वेलांना फळ नाही आलं, तर ते फक्कूस संपलं.”

उम्म जुहैर चुना लावलेल्या दगडावर मटकन बसली. काळ्या झग्याला पांढरा चुना लागला, तिच्या लक्षातही आलं नाही. माश्यांची गोष्ट विसालनं तिला आधी सांगितली होती, पण तिनं ती थट्टेवारी नेली होती.

“मग ती बोलली का नाही? शिव्या द्यायच्या होत्या मला! हात सलामत राहोत म्हणते!”

“तुम्ही एवढ्या प्रेमानं केलंत. काय बोलणार?”

“जळलं माझं प्रेम,” उम्म जुहैर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यापाशी आली. हातात वाडगा नव्हता, पाण्याची झारी होती. मला पाणी लागत नाही. तिलाही ते ठाऊक होतं. तरी तिनं बुंध्यावर झारी रिकामी केली आणि हळूच म्हणाली, “तू तरी ऊठ रे. आता तुझ्याशिवाय इथे कोण आहे?”

मी घाबरलो. माझ्याकडून कुणी काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. मी फुटलो, ते जिद्दीनं फुटलो की कापलेला कब्बार असाही फुटतोच म्हणून फुटलो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. यातलं दुसरं कारणच बहुधा खरं असावं. माझी मुळं भिंतीच्या पार आत, डोंगराच्या पोटात गेलेली आहेत. फक्कूसला फुलं येऊ लागली तोवर माझ्या नव्या फांद्या चुन्याच्या दगडांवर लोंबू लागल्या होत्या, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत कळी होती.

नेमक्या लोणच्याच्या कळ्या. आळीतल्या बाया वाडगे घेऊन यायला लागल्या. पण भिंतीपुढे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून उम्म जुहैर बसलेली असायची, मांडीवर भाजी निवडत.

“उम्म जुहैर, अगं कळ्या लगडल्यात! तोडत का नाहीस?”

“हात लावलास तर तुझी बोटं मिठात घालीन.”

“आणि तुझ्या जुहैरचं लोणचं? त्याला तुझ्याच हातचं लागतं ना?”

“सांगितलंय त्याला, यंदा दुकानातलं खा. मेला नाही अजून.”

फक्कूसची पहिली फुलं गळाली. विसाल रोज सकाळी कुबडीवर रेलून पानं उचलून बघायची आणि पुन्हा खाली ठेवायची. उम्म जुहैर खुर्चीतून तिच्या तोंडाकडे बघायची. दोघी एकमेकींशी हवापाण्याचं बोलायच्या. मोडलेल्या बागेबद्दल एक शब्द निघत नव्हता.

आणि मग एका संध्याकाळी, ऊन डोंगरामागे गेलं तशी, माझी पहिली कळी सुटली. चार पांढऱ्या पाकळ्या उलगडल्या, पातळ, चुरगळलेल्या, नुकत्या धुतलेल्या ओढणीसारख्या, आणि त्यांच्यातून जांभळे केसर बाहेर आले, मांजराच्या मिशांसारखे लांब. दुसरी सुटली. तिसरी. अंधारून येईपर्यंत सगळी भिंत पांढरी झाली होती. मला वाटलं, हे मी नव्हे. हे कुणाला तरी पडलेलं स्वप्न आहे. उम्म जुहैर खुर्चीतून उठली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. इतकी वर्षं तिनं मला रोज पाहिलं होतं. “देवा,” ती म्हणाली, “हे मी खात होते?”

काळे मोठे भुंगे आले, केसरांत लोळून गेले. आणि अगदी शेवटी ती बारकी राखाडी माशी आली. तिनं माझ्या एका फुलात अंग गोळा केलं आणि तिथेच झोपली. मी तो सगळा वेळ श्वास धरून होतो, असं म्हणता आलं असतं मला श्वास असता तर. उजाडताना ती उठली, पिवळी धूळ माखलेली. अंग झटकलं. आणि बघा, इथेच माझा भरवसा सुटतो. ती फक्कूसच्या वेलाकडे गेली असं मला दिसलं. पण समोरून ऊन येत होतं.

काही दिवसांनी विसालनं एक पान उचललं आणि ते खाली ठेवलंच नाही.

“खालती!” तिनं हाक मारली. “अहो खालती, या!”

उम्म जुहैर घरातून धावत आली. हाताला पीठ तसंच होतं. पानाखाली, वाळलेल्या पिवळ्या फुलामागे, बोटाएवढं हिरवं काहीतरी वाकून बसलं होतं. अंगावर लव.

“बोट दाखवू नकोस! माशाल्लाह म्हण आधी!” उम्म जुहैर ओरडली. मग ती घरी गेली आणि नातवाच्या दुपट्याला लावलेला दृष्टीचा निळा मणी काढून आणला. तो तिनं वेलाशेजारच्या काठीला बांधला. आणि तिथेच वाकलेली असताना, विसालकडे न बघता म्हणाली, “मला वाटलं मी तुझ्या आईला दुसऱ्यांदा पुरलं.”

विसालनं उम्म जुहैरच्या मनगटावरचं पीठ पुसलं. माझ्या काट्यांचे व्रण होते तिथे.

त्या वेलांना तेवढं एकच फळ धरलं. मुनीबचा भाऊ भेटायला आला तेव्हा, इथल्या कुठल्याही पुरुषासारखा, सरळ वेलाकडे गेला. फक्कूस खुडायचं, सदऱ्याला पुसायचं आणि कचकन खायचं, त्यासाठी कुणी कुणाला विचारत नाही.

“हात मागे!” खुर्चीतून आवाज आला.

“हज्जे, एक काकडी तर आहे!”

“एकच आहे. म्हणूनच. जाऊन कॉफी पी.”

ते फळ वाढलं, पिवळं पडलं, देठाशी फाटलं. विसालनं बिया धुऊन ताटात वाळवल्या. मग तिनं एक गोष्ट केली जी मला तेव्हा कळली नाही. विळे-कुदळी घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला तिनं चिमूट चिमूट बी वाटलं. सर्वांत मोठी चिमूट उम्म जुहैरला.

“मला?” उम्म जुहैर म्हणाली. “मी तर तुझी बाग मुळासकट...”

“माझ्या घरात उंदीर आहेत, खालती. तुमच्या घरात यायची त्यांची काय बिशाद?”

उम्म जुहैर आधी हसली, मग तोंडावर ओढणी घेतली.

आज उम्म जुहैर नाही. विसाल काठी टेकत चालते. तिच्या घरात एकदा पुन्हा उंदरांनी बी संपवलं, तेव्हा शेजारच्या सात-आठ घरांतून ते परत आलं. बाग तर केव्हाच परत आली होती. गुलखैऱ्याची मुळं आत मोडून राहिली होती, त्यांनी डोकं वर काढलं. झातर आणायला डोंगरात गेलेल्या बाया येताना निळ्या फुलांचं एखादं रोप ओढणीत बांधून आणू लागल्या. आता उन्हाळ्याच्या तोंडाशी इथे उभं राहिलं तर चुन्याचे दगड दिसत नाहीत. गुलखैरा माझ्या भिंतीवरून वाकून बघतो, उटकटारीचे निळे गोळे हलतात, आणि दुपारी ती गुणगुण पुन्हा झोपेच्या आत येते.

माझ्या कळ्या उम्म जुहैरची सून तोडते. तोडा, माझी तक्रार नाही. लोणचं चांगलं होतं म्हणतात. पण सासूनं सांगून ठेवल्याप्रमाणे वरच्या फांदीला ती हात लावत नाही. तुमच्या दारातल्या वाघाटीलाही, जमलं तर, अशी एखादी फांदी सोडा. कुणाला कधी झोपायला जागा लागेल, सांगता येत नाही.

राहता राहिली ती माशी. काही वर्षांनी इर्बिदच्या विद्यापीठातली एक संशोधक बाई माश्यांचा अभ्यास करायला भिंतीपाशी उजाडल्यापासून येऊन बसायची. माझ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. एका सकाळी फक्कूसचं एक फूल तिनं भिंगाखाली धरलं, मग माझं एक फूल तोडून त्याच्या शेजारी धरलं, आणि विसालला हाक मारली. ही त्या उन्हाळ्यातली माशी नव्हे, हे मला कळतं. तिच्या पोरीबाळींपैकी कुणी असेल, किंवा नसेलही. पण त्या बाईनं दोनदा तपासून पाहिलं, विसालला दाखवलं, आणि मग मोठ्यानं सांगितलं, की या बारक्या राखाडी माश्या रात्री कब्बारच्या फुलात झोपतात, सकाळी इथून निघाल्या की पहिल्यांदा फक्कूसवर उतरतात, आणि त्या पिवळ्या फुलाच्या चिकट टोकावर कब्बारचे पराग आहेत.